नोंद कुठे ठेवायची

गावातली जमीन एकच असते, पण तिची माहिती तलाठ्याच्या दप्तरात एका वहीत मावत नाही. अमुक गट कोणाचा, असं विचारलं की गाव नमुना ७ उघडतो. माझ्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे, असं त्याच माणसाने विचारलं की ती वही मिटते आणि ८ अ पुढे येतो. ही जमीन आमच्याकडे कशी आली, खरेदीने की वारसाने, हे हवं असेल तर नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. गेल्या खरिपात त्या गटात मूग किती होता नि बाजरी किती, याचं उत्तर नमुना १२ मध्ये. गट तेच, खातेदार तेच, क्षेत्र तेच. तरी मांडणी चार तऱ्हांची, कारण लोक चार तऱ्हांचे प्रश्न घेऊन येतात.

प्रोग्रॅम लिहिताना माहितीचा समूह कशात ठेवायचा, लिस्टमध्ये, सेटमध्ये, डिक्शनरीत की रांगेत, हा या पुस्तकाचा विषय. त्याचा गाभा या चार नमुन्यांत आहे, असं माझं ठाम मत आहे आणि सगळं पुस्तक त्याच मतावर उभं आहे. ठेवायची वस्तू कशी दिसते, यावरून कलेक्शन निवडू नये. तिला पुढे कोणता प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जाणार, हे आधी ठरवावं. उत्तर ज्या मांडणीत चटकन सापडेल ती मांडणी घ्यावी.

उदाहरणं पारनेर तालुक्यातली का, हे सांगायला हवं. प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत विद्यार्थ्यांचे रोल नंबर असतात, नाहीतर ग्रंथालयातली पुस्तकं. मुलं व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक गोष्ट लिस्टमध्ये कोंबतात. सुपा, निघोज, जवळा, अळकुटी, कान्हूर पठार अशा गावांतून शिकायला येणाऱ्या मुलांच्या घरी मात्र सातबारा, म्हणजे नमुना ७ आणि १२ चा एकत्र उतारा, पत्र्याच्या पेटीत जपलेला असतो. वडिलांबरोबर सोसायटीत पीककर्जाला गेलं की सातबारा आणि आठ अ दोन्ही मागतात, हे त्यांना दहावीच्या आधीच माहीत असतं. दोन्ही का लागतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगता सांगता अर्धा विषय शिकवून होतो.

जमिनीच्या नोंदींचा इतिहास या मांडणीचाच इतिहास आहे. मुंबई इलाख्यातली शेतवार मोजणी आणि आकारणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसवली. शेताला क्रमांक मिळाला आणि तो क्रमांक हीच नोंदीची किल्ली झाली. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने पुढे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, म्हणजे किल्ल्याच बदलल्या. आज चालतात ते नमुने १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि अधिकार अभिलेखाचे १९७१ चे नियम यांच्या आधाराने. ज्यांनी हे आखलं त्यांनी संगणक पाहिला नव्हता. पण शेकडो गटांच्या गावात एका माणसाने दिवसाकाठी दहा जणांना उत्तरं द्यायची, ही अडचण त्यांच्यासमोर होती. प्रोग्रॅमरपुढची अडचण त्याहून वेगळी नाही.

पहिल्यांदा फेरफार नोंदवही पाहू, कारण ती सर्वांत साधी आहे. नोंद आली की पुढचा क्रमांक पडतो. मधे काही घुसडता येत नाही, मागचं काही काढता येत नाही. खरेदीखत, वारस, बोजा, बक्षीसपत्र, जे ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने राहतं. लिस्टचं खरं काम हेच: क्रम जपणं, शेवटी भर घालणं आणि क्रमांकावरून थेट त्या जागी पोचणं. नोंद क्रमांक १२०४ दाखवा म्हटलं की १२०३ नोंदी चाळाव्या लागत नाहीत. मात्र त्याच वहीला "या गटावर आजवर कोणकोणते फेरफार झाले" असं विचारलं, की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवावं लागतं. लिस्ट तीच आहे, फक्त तिला न पेलणारा प्रश्न विचारला गेला. नमुना ७ वर प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक लिहिलेला असतो तो यासाठी. सातबाऱ्यावरून क्रमांक घ्यायचा आणि क्रमांकावरून फेरफाराच्या पानावर जायचं. दोन कलेक्शन एकमेकांना अशी जोडली, की दोघांचे कच्चे दुवे झाकले जातात.

नमुना ७ ही डिक्शनरी आहे. किल्ली गट नंबर, किल्लीमागचा ऐवज म्हणजे तो उतारा. संगणकात ही मांडणी बहुधा हॅश टेबलावर चालते. किल्लीवर एक ठरलेलं गणित करून आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात नोंद ठेवायची. शोधताना तेच गणित पुन्हा केलं की कप्पा सापडतो, बाकीचे कप्पे उघडावेच लागत नाहीत. ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली. नोंदी शंभर असोत की कोटभर, शोधायला लागणारा वेळ सरासरीने तितकाच राहतो. दोन किल्ल्यांचा आकडा एकच आला तर त्या एकाच कप्प्यात पडतात. असं फार झालं की कप्प्यातही शोधाशोध सुरू होते. म्हणूनच २०१४ साली आलेल्या जावा ८ मध्ये फार भरलेल्या कप्प्याची रचना आपोआप झाडासारखी करण्याची सोय झाली. त्या सोयीचं काम तिसऱ्या प्रकरणात तपशिलाने पाहू.

गट नंबरात एक खोच आहे आणि ती सोसल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. गट नंबर दिसतो आकडा, पण आकडा नसतो. ४५ चे हिस्से पडले की ४५/१, ४५/२ होतात, आणखी वाटणी झाली की ४५/१/अ. म्हणजे किल्ली मजकूर म्हणूनच ठेवावी लागते. आणि मजकूर म्हणून क्रम लावला की १ नंतर १०, मग १००, १०१, आणि २ चा नंबर त्यांच्याही मागे. गावचा माणूस असा क्रम पाहून गोंधळतो आणि त्याचं बरोबरच असतं. शिवाय "५० ते ७५ या गटांचे उतारे द्या" हा प्रश्न हॅश टेबलाला पेलतच नाही, कारण तिथे शेजारचे गट शेजारी नसतात. त्यासाठी क्रम लावून ठेवणारी मांडणी लागते: जावातला ट्रीमॅप, किंवा डेटाबेसमधलं बी-ट्री, जे रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी बोइंग कंपनीत काम करताना १९७० च्या सुमाराला घडवलं. नेमका एकच गट हवा की गटांचा पट्टा हवा, एवढं आधी विचारलं तरी निम्म्या चुका टळतात.

आता ८ अ. नमुना ७ गटाकडून माणसाकडे जातो आणि ८ अ माणसाकडून गटांकडे. एका खात्यावर पाच गट असतील, म्हणून इथे एका किल्लीमागे एक ऐवज नाही, यादी आहे. शिवाय माणूस आणि खातं हेही एकास एक नाही. एकाच शेतकऱ्याचं स्वतःचं वैयक्तिक खातं असतं आणि भावांबरोबरचं सामाईक खातं वेगळं असतं. पारनेरच्या पठार भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी मुंबईला गेली. जमीन गावाकडे राहिली, वाटण्या कागदावर उतरल्या नाहीत आणि सामाईक सातबाऱ्यावर वारसांची नावं वाढत गेली. असा उतारा समोर ठेवला की एकास अनेक आणि अनेकास अनेक ही नाती फळ्यावर समजावून सांगावी लागत नाहीत.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारा शोधताना पडद्यावर पर्याय येतात: गट नंबर, पहिले नाव, मधले नाव, आडनाव, संपूर्ण नाव. वापरणाऱ्याला ती नुसती बटणं वाटतात. प्रोग्रॅमरने त्यांतल्या प्रत्येकाकडे एक वेगळं वचन म्हणून पाहावं. आडनावावरून शोध हवा असेल तर आडनावाची सूची कोणीतरी आधी बांधून ठेवलेली असली पाहिजे. नसेल तर दर वेळी सगळ्या नोंदी चाळणं आलं.

नावाचा विषय निघाला आहे तर सेटबद्दल इथेच सांगतो, कारण माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत मोलाचा धडा तोच आहे. सेटमध्ये एक वस्तू एकदाच राहते. दुसऱ्यांदा टाकली तर तक्रार न करता ती गळून जाते. गावातल्या खातेदारांची यादी करायची आहे, एकाच माणसाचं नाव अनेक सातबाऱ्यांवर येणार, म्हणून सगळी नावं सेटमध्ये टाकली, असं कोणीही सहज करेल. वरवर ते बरोबरही दिसतं. पण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. आजोबा रामभाऊ गणपत, मुलगा गणपत रामभाऊ, नातू पुन्हा रामभाऊ गणपत. आडनाव अर्थात एकच. तिन्ही शब्द जुळले. आजोबांची जमीन त्यांच्या नावावर, नातवाने स्वतःच्या पैशांनी घेतलेली जमीन त्याच्या नावावर, आणि सेटच्या लेखी माणूस एक. कोणताही एरर येत नाही, प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो आणि एक खातेदार यादीतून नाहीसा होतो.

हा दोष सेटचा नाही. "सारखं म्हणजे काय" हे आपण सांगितलंच नव्हतं. जावामध्ये दोन वस्तू सारख्या केव्हा मानायच्या हे ठरवणाऱ्या दोन मेथड जोडीने लिहाव्या लागतात, पायथॉनमध्येही तसंच. विद्यार्थी त्या यांत्रिकपणे लिहितात, कारण तिथे एका माणसाच्या जमिनीचा प्रश्न दडलेला आहे हे त्यांना दिसत नाही. गावच्या दप्तराने त्यावर खाते क्रमांक देऊन तोडगा काढला आहे. नाव बदलतं, जुळतं, लिहिताना चुकतं. क्रमांक तसा जुळत नाही. म्हणून पुस्तकात पुन्हा पुन्हा आग्रह धरला आहे की किल्ली आणि सारखेपणा ठरवल्याशिवाय सेट किंवा डिक्शनरीला हात लावू नये.

नमुना १२ मुळे किल्लीची आणखी एक बाजू उघडते. पिकाची नोंद फक्त गट नंबरावर राहत नाही. गट, वर्ष आणि हंगाम मिळून तिची किल्ली होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या मोबाइलवरून, पिकाच्या फोटोसह ही नोंद करू लागला. मिश्र पीक असेल तर एका किल्लीमागे पुन्हा यादी येते. जोडकिल्लीसाठी पायथॉनमध्ये टपल वापरतात, लिस्ट वापरता येत नाही. विद्यार्थ्यांना हा नियम जाचक वाटतो. पण कप्प्यात ठेवल्यानंतर जिचे अवयव बदलतील अशी किल्ली पुन्हा त्याच कप्प्यात सापडणारच नाही. टपल बदलत नाही, म्हणून ती किल्ली होऊ शकते.

रांगेचं उदाहरण प्रलंबित फेरफारांचं. नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. आधी आलेली नोंद आधी निकाली निघावी, ही साधी न्यायाची अपेक्षा. रांग या मांडणीत ती अपेक्षाच गुंफलेली आहे. मधूनच एखादी नोंद उचलून पुढे घ्यायची सोय रांगेत मुळात नसते आणि हेच तिचं बळ आहे. हरकत आली तर ती नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, ६ अ मध्ये जाते आणि मागच्यांची वाट मोकळी होते. कलेक्शन निवडताना आपण वेगाबरोबर कोणाला काय करता येणार नाही हेही निवडत असतो. हा मुद्दा पाठ्यपुस्तकांत फार कमी वेळा येतो, म्हणून त्यासाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे. स्टॅक आणि ग्राफ यांना मात्र थोडक्यात आवरलं आहे. या दप्तरात त्यांचं काम फार नाही, आणि ओढूनताणून आणलेलं उदाहरण मुलांच्या लगेच लक्षात येतं.

सातबाऱ्यावरची आणखी एक रीत प्रोग्रॅमरने मनापासून शिकावी अशी आहे. जमीन विकली गेली की जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात, खाली नवं नाव लिहितात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकतात. जावामध्ये एखादी लिस्ट वाचत असतानाच तिच्यातली वस्तू थेट काढली की प्रोग्रॅम बहुतेक वेळा अपवाद फेकून थांबतो. मुलं त्यावर कसाबसा उपाय शोधतात आणि पुढे सरकतात. त्याऐवजी काढायचं ते आधी खुणेने दाखवावं, वाचन पूर्ण होऊ द्यावं आणि मग नवी यादी तयार करावी. तलाठ्याच्या कंसामागचा विचार हाच. त्याचा मोठा फायदा असा, की मूळ नोंद आणि तेव्हापासूनचे फेरफार हाताशी असले तर आजचा नमुना ७ पुन्हा उभा करता येतो. फेरफार ही घडलेल्या गोष्टींची न बदलणारी यादी. नमुना ७ आणि ८ अ ही त्या यादीतून काढलेली, प्रश्नांच्या सोयीची रूपं. आज मोठमोठ्या बँकिंग प्रणाली याच तत्त्वावर रचल्या जातात.

पण एकाच माहितीची दोन रूपं ठेवली की त्यांचा मेळ राखायचं कामही गळ्यात येतं. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्याला अंमल दिला आणि ८ अ तसाच राहिला, तर दोन सरकारी कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि मधे शेतकरी अडकतो. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा मूळ कागद आणि संगणक यांच्या नोंदींत तफावती निघाल्या. त्या दुरुस्त करण्याच्या मोहिमेत २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झालं, लोकांसमोर नोंदी वाचून दाखवल्या गेल्या. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेचं कलम १५५ आहे आणि तालुक्याला त्यासाठी मारलेल्या चकरा कित्येक घरांना ठाऊक आहेत. दुसरी सूची जोडली की शोध वेगवान होतो, हे शिकवताना तिची ही किंमतही त्याच तासाला सांगायला हवी. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक मोठ्या उदाहरणाला मेळाची तपासणी जोडली आहे: एका सातबाऱ्यावरच्या सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज त्या गटाच्या क्षेत्राइतकी येते का, आणि सर्व गटांची बेरीज गाव नमुना १, म्हणजे आकारबंदाशी जुळते का.

वेगाबद्दल थोडं गणित करू, कारण आकडे पाहिल्याशिवाय खात्री पटत नाही. एका गावाचे आठशे गट असतील तर साधी लिस्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली तरी संगणकाला ते जाणवणारसुद्धा नाही. तिथे बी-ट्री बांधत बसू नये. लहान समूहाला लिस्ट पुष्कळदा हॅश टेबलापेक्षाही बरी पडते, कारण तिच्या जागा मेमरीत एकमेकींना लागून असतात. महाराष्ट्रातले सातबारे मात्र अडीच कोटींच्या घरात आहेत. क्रम न लावलेल्या लिस्टमध्ये एक गट शोधायचा तर सरासरी सव्वा कोटी नोंदी तपासाव्या लागतील. क्रम लावलेल्या लिस्टमध्ये दर वेळी निम्मा भाग टाकत गेलं तर २५ तुलनांत काम होतं. आता समजा अडीच कोटी सातबारे दुसऱ्या अडीच कोटी नोंदींशी ताडून पाहायचे आहेत आणि कोणी लिस्टमध्ये लिस्ट फिरवली. तुलना झाल्या ६२५ लाख कोटी. सेकंदाला दहा कोटी तुलना करणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी ७२ दिवस लागतील. एका बाजूच्या नोंदी आधी डिक्शनरीत घातल्या तर काम पाच कोटी पावलांवर येतं आणि सेकंदाला दहा लाख पावलं धरली तरी मिनिटाच्या आत संपतं. यंत्र तेच, माहिती तीच.

याच तालुक्यातल्या राळेगण सिद्धीतून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन चालवलं. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. देशाच्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख वर्गवारी आणि सूची करून, माहिती मिळवणं सोपं जाईल अशा रीतीने ठेवले पाहिजेत. नागरिकाला विचारण्याचा हक्क दिला आणि दप्तरात सूचीच नसली, तर त्या हक्काला उत्तर मिळायला महिने लागतात. कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं. सरकारी प्रणाली लिहिणाऱ्या कंपनीत पुढे तुमच्यापैकी कोणी काम करेल, तेव्हा चुकीच्या कलेक्शनमुळे लागणारा उशीर खिडकीपुढच्या माणसाच्या वाट्याला येईल. म्हणून हा विषय मी परीक्षेतल्या दहा गुणांचा मानत नाही.

पुस्तकातली उदाहरणं पायथॉन आणि जावा या दोन भाषांत आहेत. जावाचा कलेक्शन फ्रेमवर्क जोशुआ ब्लॉक यांनी रचला आणि १९९८ मध्ये तो भाषेत आला. त्यात प्रत्येक मांडणीचं वचन आणि ते पाळण्याची रीत वेगवेगळी लिहिली आहे, त्यामुळे शिकायला तो फार चांगला. पायथॉन हाताला सोपी. तिच्या डिक्शनरीत नोंदी घातल्या त्या क्रमाने राहतील, हे आश्वासन २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासूनच मिळालं आहे. जुना कोड वाचताना तेवढं ध्यानात ठेवा. एकाच वेळी अनेक जण एकाच कलेक्शनमध्ये लिहीत असतील तर काय करायचं, हा विषय इथे घेतलेला नाही. त्याला स्वतंत्र पुस्तक हवं.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी घरचा एक सातबारा आणि त्याच गावचा आठ अ शेजारी ठेवा. दोन्हीवर जे जे समान आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि जे एकाच कागदावर आहे ते वहीत उतरवून घ्या. पहिला स्वाध्याय त्या यादीवरच आहे.